मार्क ट्वेन : विनोदकाराचे स्वातंत्र्य आणि ग्रंथविक्रीचा व्यवहार

विनोदी वाङ्मयाचा विचार आपल्याकडे बहुतांशी विनोदाचे प्रकार, विसंगतीची तत्त्वे आणि शैलीचे विशेष या अंगांनी होत आला आहे. विनोदी लेखन कोणी छापले, ते कोणत्या वाटेने वाचकापर्यंत पोहोचले, त्याचे मोल किती पडले आणि या साऱ्या व्यवहारात खुद्द लेखकाचा हात कितपत होता, हे प्रश्न वाङ्मयबाह्य समजून बाजूला ठेवले जातात. मार्क ट्वेन (१८३५-१९१०) या अमेरिकन विनोदकाराचे चरित्र मात्र हे प्रश्न वगळून सांगता येणे कठीण आहे. आपले लेखन आपणच छापावे, आपणच विकावे आणि आपणच लोकांसमोर न्यावे, ही त्याची आयुष्यभराची धडपड होती. त्या धडपडीने त्याला वैभव दिले आणि तिनेच त्याला कर्जाच्या खाईत लोटले. प्रस्तुत लेखात त्याच्या जीवनाचा आढावा या एकाच दृष्टीने घेतला आहे. आपल्या लेखनाचा विक्रेता म्हणून ट्वेनने मिळवलेले स्वातंत्र्य आणि प्रकाशनसंस्थेचा भांडवलदार म्हणून त्याने पत्करलेले पारतंत्र्य यांत फरक करावा लागतो, आणि या व्यवहाराचे ठसे त्याच्या ग्रंथांच्या घडणीवरही उमटलेले आहेत, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

१. छापखान्यातून व्यासपीठाकडे

सॅम्युएल लँगहॉर्न क्लेमेन्स हे त्याचे मूळ नाव. त्याचा जन्म ३० नोव्हेंबर १८३५ रोजी मिसूरी राज्यातील फ्लॉरिडा या खेड्यात झाला आणि बालपण मिसिसिपी नदीकाठच्या हॅनिबल या गावी गेले. १८४७ साली वडील वारल्यावर औपचारिक शिक्षण लवकरच सुटले आणि तो छापखान्यात उमेदवारी करू लागला. थोरला भाऊ ओरायन याच्या वृत्तपत्रातही त्याने काही काळ खिळे जुळवले. ग्रंथ ही प्रथम एक तयार करावयाची वस्तू असते, तिला कागद, शाई, मजुरी आणि गिऱ्हाईक लागते, हे ज्ञान त्याला लेखक होण्याच्या आधीच झाले होते. पुढे १८५९ मध्ये त्याला आगबोटीच्या सुकाणूदाराचा परवाना मिळाला; परंतु १८६१ साली यादवी युद्ध सुरू होऊन नदीवरील व्यापार थांबला, आणि तो ओरायनबरोबर पश्चिमेकडील नेवाडा प्रदेशात गेला. खाणींच्या नादात हाती काही लागले नाही. १८६२ मध्ये व्हर्जिनिया सिटी येथील 'टेरिटोरियल एंटरप्राइझ' या पत्रात तो बातमीदार झाला. ३ फेब्रुवारी १८६३ रोजी त्या पत्रात 'मार्क ट्वेन' हे टोपणनाव प्रथम छापले गेले.

त्या काळातील अमेरिकन विनोद मुख्यतः वृत्तपत्रांत वाढत होता. एका पत्रातील मजकूर दुसऱ्या पत्राने मोबदला न देता उचलणे ही सर्वमान्य रीत होती. १८ नोव्हेंबर १८६५ रोजी न्यूयॉर्कच्या 'सॅटर्डे प्रेस'मध्ये आलेली उड्या मारणाऱ्या बेडकाची गोष्ट अशीच देशभर फिरली. लेखकाचे नाव सर्वतोमुखी झाले. त्याच्या खिशात मात्र काही पडले नाही. या गोष्टीसह काही लेखांचे पुस्तक काढण्यास प्रस्थापित प्रकाशकाने नकार दिला, तेव्हा चार्ल्स हेन्री वेब या मित्राने ते १८६७ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केले. खप बेताचाच झाला. पुढे ट्वेनने त्या पुस्तकाचे हक्क आणि छपाईचे पत्रे विकत घेऊन ते नष्ट करविले. कीर्ती आणि उत्पन्न या दोन गोष्टी आपोआप एकत्र येत नाहीत, हा धडा त्याला इतक्या लवकर मिळाला.

दुसरी वाट त्याला व्यासपीठाने दाखविली. १८६६ मध्ये एका पत्राचा वार्ताहर म्हणून तो हवाई बेटांवर जाऊन आला होता. त्या प्रवासावर २ ऑक्टोबर १८६६ रोजी त्याने सॅन फ्रान्सिस्को येथे तिकीट लावून व्याख्यान दिले. सभागृह त्याने स्वतः ठरविले आणि जाहिरातही स्वतः लिहिली. त्या जाहिरातीत भव्य वाद्यवृंद, हिंस्र श्वापदे, आतषबाजी अशा आकर्षणांचे मथळे ठळक टाइपात देऊन त्यांखाली बारीक अक्षरांत यांपैकी काहीही होणार नसल्याचा खुलासा केलेला होता. जाहिरात हाच येथे विनोदाचा पहिला मासला ठरला, आणि वाचणाऱ्याला माल कसा आहे हे दारातच कळले. सभागृह भरले. मे १८६७ मध्ये न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये तोच प्रयोग करताना तिकिटे खपेनात, तेव्हा शहरातील शिक्षकांना मोफत प्रवेशिका वाटण्यात आल्या. त्या रात्री उत्पन्न झाले नाही, परंतु श्रोते आले आणि वृत्तपत्रांतून नाव झाले.

२. दारोदार फिरणारे पुस्तक

१८६७ च्या जूनमध्ये 'क्वेकर सिटी' या जहाजातून युरोप व पॅलेस्टाइनच्या यात्रेला निघालेल्या प्रवाशांबरोबर ट्वेन वार्ताहर म्हणून गेला. त्याची पत्रे गाजली, आणि हार्टफर्ड येथील अमेरिकन पब्लिशिंग कंपनीचा चालक एलायशा ब्लिस याने पुस्तकाची मागणी केली. ही संस्था दुकानांतून पुस्तके विकत नसे. तिचे एजंट नमुनापुस्तिका घेऊन गावोगाव, वाडीवस्तीवर हिंडत. त्या पुस्तिकेत निवडक पाने, चित्रे आणि कापडी वा कातडी बांधणीचे तुकडे असत. मागच्या कोऱ्या पानांवर गिऱ्हाइकाने सही करून प्रत नोंदवावयाची आणि पुस्तक हाती आल्यावर पैसे द्यावयाचे, अशी पद्धत होती. आपल्याकडेही आगाऊ वर्गणीदार मिळवून ग्रंथ छापण्याची रीत रूढ होती. परंतु तेथे विद्याव्यासंगाला आश्रय देण्याची भावना प्रमुख होती, तर अमेरिकेत हा निव्वळ फिरता व्यापार होता. ज्या कुटुंबाने पुस्तकाच्या दुकानाची पायरी कधी चढली नाही, त्याच्या दारात पुस्तक आणून उभे करणे हे त्याचे सामर्थ्य होते.

या व्यापाराचे स्वतःचे नियम होते. साडेतीन डॉलर वा त्याहून अधिक किंमत मोजणाऱ्या शेतकऱ्याला पुस्तक हातात जड लागले पाहिजे, त्यात चित्रे भरपूर पाहिजेत, आणि कोठलेही पान उघडले तरी तेथे काहीतरी करमणूक सापडली पाहिजे. 'दि इनोसन्ट्स अब्रॉड' हे १८६९ च्या जुलैअखेर निघालेले पुस्तक साडेसहाशे पृष्ठांचे आणि दोनशेहून अधिक चित्रांचे आहे. पहिल्या वर्षात त्याच्या सुमारे ७०,००० प्रती खपल्या. लेखकाचे मानधन शेकडा पाच होते. त्यानंतरच्या 'रफिंग इट' (१८७२) या पुस्तकासाठी ते साडेसात टक्के ठरले. प्रवास, किस्से, माहिती, विडंबन आणि आठवणी यांचे सैल गुंफण ही ट्वेनच्या प्रवासग्रंथांची रचना समीक्षकांना अनेकदा विस्कळीत वाटली आहे. तिच्यामागे लेखकाची प्रकृती आहेच. परंतु नमुनापुस्तिकेतून विकल्या जाणाऱ्या जाड ग्रंथाची गरजही आहे, हे ध्यानात घेतल्यास तो विस्कळीतपणा वेगळ्या प्रकाशात दिसतो.

या वाटेची किंमतही होती. दारोदार विकली जाणारी पुस्तके प्रतिष्ठित नियतकालिके सहसा परीक्षणास घेत नसत. विल्यम डीन हॉवेल्स याने 'अटलांटिक मंथली'च्या डिसेंबर १८६९ च्या अंकात 'दि इनोसन्ट्स अब्रॉड'ची दखल घेतली, ती म्हणूनच महत्त्वाची ठरते. ट्वेनला खप हवा होता, तशीच बॉस्टनच्या वाङ्मयीन वर्तुळाची मान्यताही हवी होती. डिसेंबर १८७७ मध्ये व्हिटियर या कवीच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या भोजनसमारंभात एमर्सन, लाँगफेलो आणि होम्स यांच्यासमक्ष त्यांच्याच नावांवर त्याने केलेला विनोद फसला आणि त्याला दिलगिरीची पत्रे पाठवावी लागली. खाणीतील मजुरांना हसविणारा विनोद विद्वानांच्या पंक्तीत अपमानासारखा वाटू शकतो, याची ती जाणीव होती. तिचा सल त्याच्या मनात दीर्घकाळ राहिला.

३. नावाचे रक्षण आणि स्वतःची संस्था

१८७० साली ऑलिव्हिया लँग्डन हिच्याशी विवाह झाल्यावर ट्वेन पुढे हार्टफर्ड येथे स्थायिक झाला. याच दशकात लेखकाच्या हक्कांचा प्रश्न त्याच्यापुढे उग्र स्वरूपात उभा राहिला. 'टॉम सॉयर'ची इंग्लंडमधील आवृत्ती जून १८७६ मध्ये निघाली आणि अमेरिकन आवृत्ती डिसेंबरपर्यंत लांबली. मधल्या काळात टोरांटोच्या बेलफर्ड बंधूंनी इंग्लिश आवृत्तीवरून स्वस्त प्रत छापून अमेरिकेत लोटली. त्या काळी देशांतराबरोबर ग्रंथस्वामित्व संपत असे. 'दि प्रिन्स अँड द पॉपर'च्या प्रकाशनाच्या वेळी, १८८१ मध्ये, कॅनडातील हक्क सुरक्षित व्हावा म्हणून तो स्वतः माँट्रिअलला जाऊन राहिला. टोपणनाव ही आपली व्यापारचिन्हासारखी मालमत्ता आहे, असा दावाही त्याने न्यायालयात केला. १८८३ मध्ये तो फेटाळला गेला.

१८८० मध्ये ब्लिस मरण पावला. त्यानंतर संस्थेचे हिशेब पाहताना आपल्याला मिळालेला साडेसात टक्क्यांचा वाटा हा निम्मा नफा असल्याचे जे सांगितले गेले होते ते खरे नव्हते, अशी ट्वेनची खात्री झाली. पुढील काही पुस्तके बॉस्टनच्या ऑस्गुड या प्रकाशकाकडे गेली. परंतु व्यवस्था उलटी होती. निर्मितीचा खर्च लेखकाचा, नफाही लेखकाचा, आणि प्रकाशकाला केवळ दलाली. ऑस्गुडला दारोदार विक्रीचा अनुभव नव्हता. 'लाइफ ऑन द मिसिसिपी' (१८८३) अपेक्षेइतके चालले नाही.

तेव्हा १८८४ मध्ये ट्वेनने भाचीचा नवरा चार्ल्स वेबस्टर याला पुढे करून न्यूयॉर्क येथे चार्ल्स एल. वेबस्टर आणि कंपनी ही संस्था काढली. तिचे पहिले पुस्तक 'हकलबरी फिन'. ४०,००० प्रतींची नोंदणी झाल्याखेरीज पुस्तक बाहेर काढावयाचे नाही, अशी ट्वेनची सक्त सूचना होती. चित्रकार ई. डब्ल्यू. केंबल याची निवड त्याने केली आणि चित्रांवर बारकाईने नजर ठेविली. तरीही छपाईच्या वेळी एका चित्राच्या ठशात कोणीतरी अश्लील फेरफार केल्याचे नमुनापुस्तिका बाहेर गेल्यावर उघडकीस आले. ते पान कापून नवे घालावे लागले, आणि नाताळची विक्री हुकली. इंग्लंडमध्ये १० डिसेंबर १८८४ रोजी निघालेले पुस्तक अमेरिकेत फेब्रुवारी १८८५ मध्ये आले.

प्रचाराच्या बाजूने या पुस्तकाची मांडणी अभ्यसनीय आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत 'सेंच्युरी' मासिकात त्याचे काही भाग छापले गेले. त्याच काळात जॉर्ज वॉशिंग्टन केबल या कादंबरीकाराबरोबर ट्वेनने वाचनाचे सुमारे शंभर कार्यक्रम केले आणि नव्या पुस्तकातील प्रसंग लोकांना ऐकविले. मार्च १८८५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील कॉनकर्ड येथील सार्वजनिक ग्रंथालयाने पुस्तक असंस्कृत ठरवून बाद केले. या बहिष्काराने आणखी २५,००० प्रती खपतील, असा हिशेब ट्वेनने वेबस्टरला लिहून कळविला. त्या सुमारास सुमारे ४०,००० प्रती विकल्या गेल्या होत्या.

याच पुस्तकाच्या संहितेत विक्रीचा हात थेट दिसतो. हस्तलिखितात तराफेवाल्यांचा एक दीर्घ प्रसंग होता. तो 'लाइफ ऑन द मिसिसिपी'मध्ये आधीच छापला गेला होता. 'टॉम सॉयर' आणि 'हकलबरी फिन' ही पुस्तके जोडीने विकता यावीत, म्हणून त्यांचा आकार जवळजवळ सारखा हवा होता. वेबस्टरने प्रसंग गाळण्याची सूचना केली आणि ट्वेनने ती मानली. हा प्रसंग कादंबरीत पुन्हा घालावा किंवा कसे, याविषयी संपादकांत पुढे मतभेद राहिले. एका विक्रीविषयक निर्णयातून पाठचिकित्सेचा प्रश्न निर्माण झाल्याचे हे ठळक उदाहरण होय. येथे लेखक आणि प्रकाशक एकच होता, म्हणून जबरदस्ती कोणी केली असेही म्हणता येत नाही.

४. भांडवलाचे ओझे

संस्थेचे सर्वांत मोठे यश मात्र विनोदाचे नव्हते. माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट कर्जबाजारी आणि कर्करोगाने ग्रस्त असताना आपल्या आठवणी लिहीत होता. 'सेंच्युरी'ने देऊ केलेल्या दहा टक्क्यांऐवजी ट्वेनने निव्वळ नफ्याचा सत्तर टक्के वाटा देऊ केला. २३ जुलै १८८५ रोजी ग्रँट वारला. डिसेंबरपासून दोन खंड निघाले आणि तीन लाखांहून अधिक संच विकले गेले. यादवी युद्धातील माजी सैनिक एजंट म्हणून घरोघर गेले. फेब्रुवारी १८८६ मध्ये ग्रँटच्या विधवेला २,००,००० डॉलरचा पहिला धनादेश मिळाला.

या यशाने संस्थेची दिशा बदलली. सेनापतींच्या आठवणी, पोप तेराव्या लिओचे चरित्र (१८८७) अशी पुस्तके हाती घेण्यात आली. पोपचे चरित्र प्रत्येक कॅथलिक घरात जाईल हा अंदाज चुकला. 'मार्क ट्वेन्स लायब्ररी ऑफ ह्यूमर' (१८८८) हा अमेरिकन विनोदाचा संग्रह संस्थेने काढला, पण तिचे भांडवल अडकले ते 'लायब्ररी ऑफ अमेरिकन लिटरेचर' या अकरा खंडांच्या संकलनात. हे खंड हप्त्याने विकले जात. छपाई, बांधणी आणि एजंटाची दलाली यांचा खर्च आधीच करावा लागे आणि पैसा मात्र महिनोन्महिने थेंबाथेंबाने येई. परिणामी जितकी विक्री वाढे तितके कर्ज वाढे. आधीची पद्धत नेमकी उलट होती. तेथे मागणी नोंदवून मगच छपाई होत असे. त्या सावध नियमाचा विसर पडला, हे संस्थेच्या ऱ्हासाचे खरे कारण म्हणावे लागेल.

त्यातच जेम्स पेज याच्या खिळेजुळणी यंत्रात ट्वेन वर्षानुवर्षे पैसा ओतीत होता. सुमारे १८,००० भागांचे ते यंत्र अप्रतिम होते, पण सतत बिघडे. लायनोटाइपने तोवर बाजार जिंकला होता. खिळे जुळविण्याचे कष्ट बालपणी भोगलेल्या माणसाला या यंत्राने भुरळ घातली, यात नवल नाही. त्याने त्यात दीड लाखाहून अधिक डॉलर घालविले. १८ एप्रिल १८९४ रोजी वेबस्टर आणि कंपनी बुडाली. धनको शंभराच्या आसपास होते.

५. पुन्हा आवाजाकडे

स्टँडर्ड ऑइलचा एच. एच. रॉजर्स या वेळी त्याच्या मदतीला आला. त्याने ग्रंथांचे हक्क ऑलिव्हियाच्या नावे करविले, म्हणून ते लिलावात गेले नाहीत. दिवाळखोरीनंतर ठरावीक अंश देऊन मोकळे होण्याची मुभा असताना पूर्ण देणे फेडण्याचा निर्णय पतिपत्नींनी घेतला. एकोणसाठाव्या वर्षी, जुलै १८९५ मध्ये, क्लीव्हलंडपासून ट्वेनने जगप्रवास सुरू केला. छापखाना गेला होता, संस्था गेली होती. जुन्या पुस्तकांतील प्रसंग आणि ते सांगण्याची हातोटी एवढेच उरले होते. नीतिबोधाच्या एका खोट्या प्रवचनाच्या धाग्यात बेडकाची गोष्ट, हकच्या मनातील द्वंद्व असे निरनिराळे उतारे ओवून तो श्रोत्यांना दीड तास रंगवीत असे. कागद हाती नसे. कोठे थांबावयाचे आणि किती वेळ थांबावयाचे, यावर सारे अवलंबून असे.

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि श्रीलंका करून जानेवारी १८९६ मध्ये तो मुंबईस आला. तेथे वॉटसन हॉटेलात त्याचा मुक्काम होता आणि खोकल्याने तो बेजार होता. नॉव्हेल्टी थिएटरात त्याचे कार्यक्रम झाले. नंतर पुणे आणि बडोदे येथेही तो गेला. मलबार हिलवरील पारशांच्या दख्म्याचे वर्णन त्याच्या प्रवासग्रंथात आहे. इंग्रजी जाणणाऱ्या मुंबईकरांपुढे ट्वेन उभा राहिला तो मुख्यतः देणे फेडण्यासाठी, ही गोष्ट त्याच्या भारतभेटीच्या कौतुकात सहसा विसरली जाते. दक्षिण आफ्रिकेत जुलै १८९६ मध्ये प्रवास संपला. पुढच्याच महिन्यात, १८ ऑगस्ट रोजी, हार्टफर्ड येथे थोरली मुलगी सूझी वारली. बाप इंग्लंडमध्ये होता. त्या शोकात त्याने 'फॉलोइंग द इक्वेटर' (१८९७) लिहून पुरे केले. ते अमेरिकेत पुन्हा अमेरिकन पब्लिशिंग कंपनीकडूनच, दारोदार विक्रीच्या जुन्या वाटेने गेले. १८९८ च्या आरंभी सर्व कर्ज फिटले.

यानंतर ट्वेनने प्रकाशनसंस्था काढली नाही. १९०३ मध्ये हार्पर या संस्थेशी करार करून त्याने पाच वर्षे प्रतिवर्षी किमान २५,००० डॉलरची हमी मिळविली. स्वामित्वाचा लढा मात्र सोडला नाही. डिसेंबर १९०६ मध्ये भर हिवाळ्यात पांढरा पोशाख घालून तो अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे गेला आणि ग्रंथस्वामित्वाची मुदत वाढविण्याची बाजू त्याने मांडली. त्या पोशाखाची चर्चा वृत्तपत्रांतून झाली आणि प्रश्नाचीही झाली. न्यायालयाने पूर्वी नाकारलेले नावाचे संरक्षण साधावे म्हणून डिसेंबर १९०८ मध्ये 'मार्क ट्वेन कंपनी' नोंदविण्यात आली. २१ एप्रिल १९१० रोजी कनेक्टिकटमधील रेडिंग येथे तो निधन पावला.

हा जीवनक्रम पाहता स्वतंत्र लेखक या कल्पनेची फोड करणे अवश्य ठरते. जाहिरात लिहिणे, प्रसंग निवडून लोकांपुढे वाचणे, नोंदणी पुरी होईपर्यंत पुस्तक रोखून धरणे, नावाचे आणि हक्काचे रक्षण करणे ही कामे ट्वेनच्या विनोदबुद्धीशी एकजीव होती. त्यांतून त्याला वाचक मिळाला आणि वाचकाची नाडीही कळली. इतरांचे ग्रंथ हप्त्याने विकणे आणि यंत्रात पैसा गुंतविणे यांच्याशी त्या बुद्धीचा काहीही संबंध नव्हता. तथापि पहिल्या प्रकारचे स्वातंत्र्यही निर्वेध नव्हते, हे तराफेवाल्यांच्या गाळलेल्या प्रसंगावरून दिसते. लेखक स्वतःच विक्रेता झाला की बाजाराची कात्री त्याच्याच हाती येते, आणि ती त्याने केव्हा चालविली हे वाचकाला एरवी कळतही नाही. मराठी विनोदी वाङ्मयाच्या अभ्यासकांनीही एखादा लेख प्रथम कोणत्या पत्रात आला, पुस्तकात येताना त्यात काय गळले, तो व्यासपीठावरून किती वेळा सांगितला गेला आणि त्याचा खर्च कोणी सोसला, याच्या नोंदी संहितेच्या शेजारी ठेवून पाहाव्यात. विनोदाच्या स्वरूपाविषयी आपण काढीत असलेले काही निष्कर्ष त्यामुळे तपासून घ्यावे लागतील.